मॅडमनंतर त्या खुर्चीत

आराध्ये मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या माझ्या भाकरीवर उभ्या होत्या. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी कडक भाकरी ऊन दाखवायला पसरली होती. तोच माझा धंदा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय एवढं कानावर आलं होतं. जिना चढून वर जाते तर एक उंच, किडकिडीत बाई हात मागे बांधून कठड्याकडे तोंड करून उभी. पायाखाली धोतराचा कपडा, कपड्यावर भाकरी, आणि भाकरीचा चुरा.

"अवो बाई, भाकरीवर हाय तुमी."

त्यांनी खाली पाहिलं. "अरे! इथे भाकरी होती?"

"हुती. आता न्हाय."

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती, नाहीतर भांडली असती. या बाईने वाकून एक तुकडा उचलला, उन्हात धरला आणि मला विचारलं, "हिचा चुरा झाला. अजून हिला भाकरी म्हणायचं का?"

मी म्हणाले, "काय बी म्हणा, पर आदी खाली उतरा."

त्या उतरल्या. चुरा त्यांनी स्वतः गोळा केला, घरी नेला आणि ताकात कालवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "गौराबाई, चवीवरून तरी भाकरीच होती."

त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. मूळच्या नातेपुत्याच्या. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला घेऊन राहायच्या, आणि आई गेल्यावर एकट्या. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, मैंदर्गीला, ती पण निम्मी कानडीत. तत्त्वज्ञानात काय शिकवतात ते मी त्यांना सरळ विचारलं.

"प्रश्न विचारायला शिकवतात."

"आन् उत्तरं?"

"त्याला दुसरे विभाग आहेत."

त्यांचा एक शब्द होता, "कशावरून?" तो त्या कोणालाही लावायच्या. दारावर येणारा भाजीवाला त्यांच्यापुढे गाडी उभी करायला घाबरायचा.

"मॅडम, मेथी ताजी हाय."

"कशावरून?"

"आता मी सांगतुय की!"

"तू सांगतोस म्हणून ती ताजी, का ताजी आहे म्हणून तू सांगतोस?"

तो बिचारा जुडीकडे बघायचा, मॅडमकडे बघायचा, आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकून सुटका करून घ्यायचा. इमारतीतली पोरं त्यांना कशावरून मॅडम म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती. "नाव बरोबर आहे," म्हणायच्या.

संध्याकाळी त्या चहाचा कप घेऊन खाली माझ्याकडे यायच्या. माझ्याकडे भाकरी थापायला तीन बाया होत्या. त्यांत शकीला बोलायला सगळ्यात चुरचुरीत. मॅडम पिठाच्या डब्यावर बसायच्या आणि काहीतरी विचारायच्या. एकदा विचारलं, "आपण गाढ झोपतो तेव्हा आपण कुठे असतो?"

"नवऱ्याच्या बाजूला, दुसरं कुटं?" एक जण म्हणाली.

शकीला हातातली भाकरी न थांबवता म्हणाली, "नींद में बी भाकरीच थापती मैं, मॅडम. सुबू उठी तो हातां दुखतें."

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. पण त्या हसून थांबायच्या नाहीत. "म्हणजे झोपेतही तू काम करतेस आणि ते तुला कळतं. मग कळणारी कोण?" असं चालायचं. मी वैतागायचे. हात थांबले की भाकरी जाड होते. "मॅडम, बायांचा हात चालू द्या," मी म्हणायचे. त्या लगेच कप विसळून ठेवायच्या आणि वर जायच्या. आता आठवतं की असं मी त्यांना नेहमीच म्हणायचे. बाया मात्र म्हणायच्या, मॅडम आल्यावर पाठ दुखत नाही.

त्यांच्या विभागात मी डबा द्यायला जायचे. एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, दोन कपाटं. भिंतीवर ओळीने फोटो. दाढीवाले, टकलावाले, शेंडीवाले, आपले आणि परदेशातले, झाडून सगळे पुरुष. त्या फोटोंच्या मधोमध मॅडमनी आरसा लावला होता. चौकट तशीच, आकारही तसाच. पोरी आत यायच्या आणि केस नीट करायच्या. प्राचार्य एकदा चिडून म्हणाले होते, "मॅडम, हा विभाग आहे का पार्लर?" मॅडमनी त्यांना सांगितलं की इथे एका बाईचा फोटो हवा होता, तो बाजारात मिळेना, म्हणून जी येईल तिचाच चेहरा लावायची सोय केलीय. प्राचार्यांना ते कळलं की नाही देव जाणे. मी त्या आरशात पाहिलं तेव्हा माझं कुंकू पसरलेलं दिसलं. मी ते पुसलं. मला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

तिथेच एकदा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "गौराक्का, पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात मुलीच जास्त असतात. दुसऱ्या वर्षाला निम्म्या. एम.ए.ला एखादी. आणि पुढे शिकवायला, पुस्तक लिहायला, परिषदेत उभं राहून बोलायला, कोणी नाही. वाटेत कुठे जातात?"

"लग्न हुतं. पोरं हुत्यात."

"मुलग्यांची नाही होत?"

मग त्या म्हणाल्या, "मी निवृत्त होईन तेव्हा माझ्यानंतर या खुर्चीत बाई बसली पाहिजे. पुरुष बसायला माझी हरकत नाही. पण मग पुढच्या मुलींना वाटेल, मी इथे चुकून आले होते."

एवढीच त्यांची इच्छा. दागिना, घर, मानपत्र, कशाची हाव नव्हती. त्या इच्छेच्या आड कोण कोण आलं हे मी आज मोजायला बसत नाही. पण मी आले, एकदा नाही, बऱ्याचदा आले.

पहिलं सांगते ते चर्चासत्राचं. त्यांच्या कॉलेजात बाहेरगावचे विद्वान येणार होते. धावपळ सगळी मॅडमची. पत्रिका, राहायची सोय, फुलं, बॅनर सगळं त्यांनीच बघितलं. जेवणाचं काम माझ्याकडे होतं. मॅडमनी स्वतःही एक निबंध लिहिला होता, महिनाभर रात्रंदिवस खपून. पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी, आणि पुढे कंसात "वेळ उरल्यास". त्या नावाखाली त्यांचंच नाव पुन्हा होतं, आभारप्रदर्शन. मी विचारलं, "दरवेळी आभार तुमीच का मानता?" म्हणाल्या, "बाईंचा आवाज गोड असतो म्हणे."

मी मागच्या दारापाशी उभी राहून ऐकत होते. शाल घेतलेले एक मोठे पाहुणे बोलले. आवाज छान होता. ते म्हणाले, स्त्री ही मुळातच कुटुंबवत्सल, तिचं तत्त्वज्ञान तिच्या संसारातच असतं, तिला वेगळ्या ग्रंथांची गरजच नाही. टाळ्या पडल्या. दारात नऊवारी नेसून ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या पोरींनीही वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला ऐकायला बरं वाटलं होतं.

वेळ उरला नाही. निबंध राहिला. मॅडम आभाराला उठल्या.

"पाहुण्यांचे आभार," त्या म्हणाल्या. "त्यांचा मोठा ग्रंथ लिहून होईपर्यंत त्यांना ज्यांनी चहा करून दिला त्यांचेही आभार. त्यांचं नाव ग्रंथात शोधलं, मला सापडलं नाही. दारात ताट धरलेल्या दोन मुलींचे आभार. त्यांनीही निबंध लिहिलेत. ते कोणी मागितले नाहीत म्हणून त्यांचे हात मोकळे होते, म्हणून ताट दिलं."

पहिल्यांदा लोक हसले. मग हसणं कमी झालं. मॅडमनी पदराआडून घडी केलेला कागद काढला. "माझ्या निबंधातला एकच मुद्दा आता आभारातच मांडते," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. सभागृह असं शांत झालं की मागे पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ते शालवाले पाहुणेसुद्धा पुढे सरकून बसले होते.

आणि इकडे माझी हुग्गी. गव्हाची खीर ती, थंड झाली की लापशीसारखी बसते. मी दोनदा आत जाऊन ढवळून आले. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. मी दारातूनच मोठ्याने म्हणाले, "मॅडम, आवरा की! हुग्गी घट्ट व्हायला लागलीया!"

सगळं सभागृह खो खो हसलं. खुर्च्या सरकल्या. माणसं उठली. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि माईकवर म्हणाल्या, "आणि भोजन समितीचे आभार."

पंगतीत त्या माझ्या हाताने वाढून घ्यायला आल्या. मी विचारलं, "काय सांगत हुता मॅडम, निम्म्यातच ऱ्हायलं."

"राहू दे आता," म्हणाल्या. "हुग्गी छान झालीय."

तो निबंध पुढे त्यांनी कुठे वाचला नाही. मी कधी विचारलंही नाही त्यात काय होतं ते. विचारलं असतं तर त्यांनी मला पिठाच्या डब्यावर बसून सगळा सांगितला असता.

जून आला की कॉलेजातल्या मास्तर लोकांना गावोगाव पोरं गोळा करायला पाठवत. ज्या विषयाला पोरं नाहीत तो विषय बंद होतो, आणि विषय बंद झाला की खुर्चीही जाते. मॅडमना सगळ्यात जास्त फिरावं लागायचं. एका वर्षी त्या म्हणाल्या, "अक्का, अक्कलकोटच्या बाजूला जायचंय. मला कानडी येत नाही. तुम्ही चला." आम्ही माझ्या माहेरी, मैंदर्गीला गेलो.

एका घरी गेलो. पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. बाप आडत दुकानवाला, मराठी बोलणारा.

"बर्री, कुंद्री," म्हणून त्याने बसायला सतरंजी टाकली. मग विचारलं, "तत्त्वज्ञान म्हंजी मठात सांगत्यात त्येच की? मग त्येला सोलापूरला कशाला पाठवायची पोरगी? श्रावणात स्वामी हितंच येत्यात."

"ते ऐकायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "हे स्वतः तपासायचं असतं."

"लई डोकं लागत आसंल."

"डोकं आहे की तुमच्या मुलीला."

"हाय म्हणूनच भ्या वाटतंय," तो म्हणाला आणि चहाचं सांगायला आत गेला.

आई दाराच्या आड बसलेली. तिला मराठी येत नव्हतं. मॅडम तिच्याकडे वळल्या आणि हळूहळू, शब्द निवडून बोलल्या. तुमच्या मुलीला दुसऱ्यांची मतं पारखता येतील, स्वतःचंही मत पारखता येईल, कोणी काही सांगितलं तर ते खरं कशावरून हे तिला विचारता येईल. बरंच काही बोलल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा ना अक्का."

मी त्या आईला कानडीत सांगितलं की ही विद्या शिकलेली पोरगी फार शांत होते, सासरी उलट बोलत नाही.

आईचा चेहरा उजळला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरीला दोन्ही भाषा येत होत्या. ती ओढणी तोंडात कोंबून हसत होती. आम्ही चहा पिऊन उठलो तेव्हा प्रवेश पक्का झाला होता. मी त्या दिवशी अशीच आणखी दोन घरं पक्की केली. मॅडम एस.टी.त म्हणाल्या, "तुम्ही फार छान समजावता. माझी पाच वाक्यं तुमच्या एका वाक्यात बसतात."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आई बापाला घेऊन कॉलेजात आली. तक्रार अशी की, पोरगी शांत होईल म्हणाला होतात, ही तर घरात प्रत्येकाला कारण विचारायला लागली, आजोबांनासुद्धा. मॅडमना तेव्हा कळलं की मी काय सांगितलं होतं. घरी आल्या, माझ्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू थांबलं.

"खोटं सांगून आणलेली मुलगी खरं शिकली, तर दोष कोणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"निम्मा माझा. माझी पाच वाक्यं एका वाक्यात कशी बसतात हे मी विचारायला हवं होतं. मला प्रवेश हवा होता, म्हणून मी विचारलं नाही."

ती पोरगी पुढच्या वर्षी कॉलेजात आली नाही. मॅडम दोनदा मैंदर्गीला जाऊन आल्या, एकट्याच. मला नेलं नाही.

आता माझ्या नातीचं. भाग्यश्री, माझ्या मुलाची मुलगी. लहानपणापासून मॅडमच्या घरी पडलेली. भांडखोर होती. मी सांगितलेलं एक ऐकायची नाही. मी तिला म्हणायचे, "मोठी माणसं सांगत्यात ते ऐकावं," तर ती म्हणायची, "मोठी म्हणजे वयाने का शहाणपणाने?" मॅडमची लाडकी झाली. मॅडमनी तिला पैसे न घेता शिकवलं, पुस्तकं दिली, इंग्रजी सुधारून दिलं. बी.ए.ला, एम.ए.ला पहिली आली. प्राध्यापक व्हायला लागते ती परीक्षाही पास झाली. निकाल लागला त्या दिवशी मॅडमनी इमारतीत पेढे वाटले. त्यांना स्वतःच्या कशासाठी पेढे वाटताना मी पाहिलं नव्हतं. भाजीवाल्यालाही पेढा दिला. तो म्हणाला, "काय झालं मॅडम?" त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीला माणूस मिळालं."

मॅडम निवृत्त झाल्या. पण त्यांची जागा भरली गेली नाही. सरकारने जागा भरायच्या बंद केल्या होत्या. भाग्यश्रीला तासावर घेतलं. जितके तास तितकाच पगार, आणि तोही कधी येईल याचा नेम नाही. उन्हाळ्यात काही नाही. दर जूनला नवीन अर्ज, नवीन मुलाखत. खोली तीच, फोटो तेच, पण ती खुर्ची तिची नाही. कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्या विभागातल्या सरांकडे. मॅडम रोज संध्याकाळी तिला विचारायच्या, आज काय शिकवलं, कोणी काय विचारलं. तिचा चेहरा फुललेला असायचा. पण बरोबरीच्या पोरी नोकरीला लागल्या, कोणी पुण्याला गेल्या, त्यांची लग्नं झाली. माझा मुलगा चादरीच्या कारखान्यात आहे. त्याचे कारखान्यातले तासही कमी झाले होते. पोरीला स्थळं यायची ती विचारायची, कायम आहे का? नाही म्हटलं की चहा पिऊन उठायची.

असं किती वर्षं चालणार. एक दिवस दुपारी मॅडम जिना चढत होत्या, हातात भाग्यश्रीसाठी कुठलंसं नवीन पुस्तक. मी खालच्या पायरीवर शेंगा निवडत बसले होते. त्या म्हणाल्या, "अक्का, पुढच्या वर्षी जागा निघेल असं ऐकलंय."

"मागल्या वर्षी बी तुमी हेच ऐकलं हुतं."

"या वेळी खात्रीचं आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मॅडम, तुमाला ना नवरा, ना पोर. तुमचं निभावलं. माझ्या नातीचं वय चाललंय. तुमच्या खुर्चीसाठी तिला किती दिवस हुबी ठिवणार हाय?"

त्यांनी पुस्तक छातीशी धरलं होतं, ते खाली आलं. हळूहळू वर गेल्या. मी सुपातल्या शेंगा निवडत राहिले. मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी भाग्यश्रीला बोलावलं आणि सांगितलं, हे सोड, बँकेच्या परीक्षेला बस. मुलगी रडली. वाद घातला. त्यांनीच शिकवलेल्या मुद्द्यांनी तिने त्यांच्याशी वाद घातला, आणि त्या हरल्याही असणार. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. भाग्यश्री खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "आजी, मॅडम म्हणतात, माझ्यात ती कुवत नाही," ती म्हणाली.

मॅडमनी तिला खोटं सांगितलं होतं. ज्या बाईने आयुष्यात भाजीवाल्याचंही खोटं चालू दिलं नाही, तिने. माझ्या नातीने मागे वळून बघू नये म्हणून. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मी भाग्यश्रीला म्हणाले, "मॅडम सांगत्यात तर खरंच आसंल."

भाग्यश्री बँकेत लागली. पगार वेळेवर येतो. तिने स्कूटी घेतली, बापाचं दुखणं काढलं. हे मी कमी लेखत नाही. ज्याला वेळेवर पगार मिळतो त्याने कमी लेखावं. आज तशीच वेळ आली तर मी जिन्यात मॅडमना तेच बोलेन, हेही सांगून टाकते. आणि तरी मला रात्रीचं जेवण नीट जात नाही. दोन्ही एकदम कसं खरं असतं हे मला सांगता येत नाही. सांगणारी बाई आता इथे नाही.

पुढच्या वर्षी जागा खरंच निघाली. अर्ज आले, त्यांत एकही बाई नव्हती. एक तरुण मुलगा लागला. मॅडम त्याला भेटून आल्या, कपाटातल्या पुस्तकांची माहिती देऊन आल्या. "मुलगा हुशार आहे," म्हणाल्या. "त्याचा काही दोष नाही." मग बराच वेळ माझ्या पिठाच्या डब्यावर बसून राहिल्या. शकीलाने विचारलं, "क्या हुआ मॅडम, आज सवाल नै?" त्या म्हणाल्या, "आज नाही गं."

त्यानंतर त्या खाली यायच्या, पण बायांना काही विचारायच्या नाहीत. शकीला एकदा मला म्हणाली, "पाठ दुखती अब." मी तिला कामाला लाग म्हटलं.

भाग्यश्री आता घरात वाद घालत नाही. मी काही म्हटलं की "हो आजी" म्हणते.

मॅडमचे गुडघे गेले. पुण्याचा भाचा म्हणाला, माझ्याकडे या. घर विकलं. सामान आदल्या दिवशी गेलं. सकाळी त्या एका बॅगेनिशी स्टँडवर जायला निघाल्या. मी रिक्षा बोलावली होती. भाग्यश्री बँकेत जायला निघालेली, गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट. ती मॅडमच्या पाया पडली.

"काय वाचतेस सध्या?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. वेळच नसतो."

"बरं."

मॅडम काठी टेकत रिक्षात बसल्या. मग सरकल्या, पार पलीकडच्या कडेला, लोखंडी दांड्याला टेकून, आणि अलीकडची अर्धी गादी मोकळी केली. साडीचा घोळ आवरून घेतला. भाग्यश्रीकडे बघितलं.

भाग्यश्रीला वाटलं, बॅगेसाठी जागा केली. तिने बॅग उचलून तिथे ठेवली, नीट टेकवली, पडणार नाही अशी.

मॅडमनी बॅगेवर हात ठेवला. "उशीर होईल तुला," म्हणाल्या.

मला दिसलं होतं ती जागा कोणासाठी होती ते. स्टँड जवळच आहे, बँक दहा मिनिटं उशिरा गाठली असती तर काही बिघडलं नसतं. 'जा गं, मॅडमना सोडून ये,' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. रिक्षा निघाली. भाग्यश्रीने हेल्मेट घातलं आणि दुसऱ्या बाजूला गेली.